विंडोज ११ : अक्षरजुळणीच्या दुकानातून एक परीक्षण

आधी निकाल सांगते, कारण फोनवर लोक तेवढंच विचारतात. विंडोज ११ चांगलं आहे. माझ्या दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत. त्यांतल्या एकावर मी ते घेतलं आणि ते तिथेच राहणार आहे. दुसऱ्याला ते चालत नाही, म्हणून त्याच्यावर लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. तिसऱ्यावर विंडोज १० तसंच ठेवलंय, तेही विचार करून. माझ्यासारखी डीटीपीची, टायपिंगची, पत्रिका-अहवालांची कामं करणारी दुकानं प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुकान कऱ्हाडला आहे. जुलै-ऑगस्टपासून पतसंस्थांचे वार्षिक अहवाल सुरू होतात, कारण सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. अहवाल संपायच्या आत दिवाळी अंक येऊन पडतात. तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिका. मधून मधून कुणाचा तरी कवितासंग्रह, शाळेची स्मरणिका, देवस्थानचं पंचांग. विंडोज १० चा पाठिंबा संपायची तारीख होती १४ ऑक्टोबर २०२५. त्या वर्षी वसुबारस १७ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ला. म्हणजे अंकांचे शेवटचे फर्मे प्रेसला जायच्या आठवड्यातच ती तारीख आली. हार्डवेअरवाले दादा सप्टेंबरपासून म्हणत होते, "ताई, लवकर करून टाका, नंतर गर्दी होईल." मी त्यांना भाऊबीज झाल्यावर या म्हणून सांगितलं, आणि आजही मला तो निर्णय योग्य वाटतो. सगळी कामं अर्ध्यावर असताना कुणीही ऑपरेटिंग सिस्टीम बदलू नये. एक फाँट इकडचा तिकडे झाला, तर एकशे साठ पानांचा अंक ओळ न् ओळ हलतो.

पाठिंबा संपला म्हणजे काय, हे मी आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना समजावून सांगितलं. कॉम्प्युटर बंद पडत नाही. १५ तारखेलाही तो नेहमीसारखाच सुरू झाला. थांबतात त्या दर महिन्याला येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. त्यांचं महत्त्व किती, हे २०१७ च्या जूनमध्ये आपल्या राज्यातच दिसलं होतं. नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. हा व्हायरस एका मशीनमधून दुसऱ्यात ज्या वाटांनी शिरत होता, त्यांतली एक वाट विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या फटीतून जात होती, आणि ती फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांना ती फट भोवली. माझ्या दुकानातले तिन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले होते, एक शेअर केलेलं फोल्डर होतं, आणि रोज वेगवेगळ्या माणसांचे पेन ड्राइव्ह लागत होते. तेव्हा "आपल्याकडे कोण येतंय हॅक करायला" हे मी म्हणू शकत नाही, आणि माझ्यासारख्या दुसऱ्या दुकानदारानेही म्हणू नये.

आता कुठल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालतं ते पाहू. चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ६४-बिट प्रोसेसर, युईएफआय आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू व्हायची नवी, सुरक्षित पद्धत), आणि टीपीएम २.० (किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय). यात अडतं ते बहुतेक प्रोसेसर आणि टीपीएम या दोन ठिकाणी. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. नावातल्या आडव्या रेषेनंतरचा आकडा बघायचा : आय३-८१०० चालतो, आय५-७४०० चालत नाही. एएमडी रायझन असेल तर साधारण २००० मालिकेपासून पुढे. टीपीएमबद्दल मात्र घाईने "नाही" म्हणू नका. आठव्या पिढीच्या बहुतेक मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी या नावाखाली सापडतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाखाली. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं मोफत साधन आहे, ते चालवलं की नेमकं काय कमी पडतंय ते दिसतं. माझ्या मुख्य मशीनला त्याने आधी नकारच दिला होता. टीपीएम सुरू केल्यावर होकार आला. त्या नकारावर विश्वास ठेवून नवीन मशीन घ्यायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगते.

पैशांचं म्हणाल, तर तुमचं विंडोज १० परवान्याचं असेल तर ११ फुकट आहे. त्यासाठी फॉरमॅट मारायचीही गरज नाही. सेटिंग्जमधून अपडेट आलं की आहे त्या फाइली, आहे ती सॉफ्टवेअर तशीच ठेवून ते वर जातं. नाही पटलं तर पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जमधूनच परत मागे येता येतं. मी ते करायच्या आधी सगळ्या कामांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवली. हे न करता कुणीही पुढे जाऊ नये.

मुख्य मशीन म्हणजे जिच्यावर इनडिझाइन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर चालतं ती. आठवी पिढी, १६ जीबी रॅम, एसएसडी. अपग्रेड सुरळीत झालं. इनडिझाइन, फाँट, प्रिंटर सगळं जागच्या जागी होतं. वेगात मला फरक जाणवला नाही, तो एसएसडी बसवली तेव्हाच जाणवला होता. चार जीबीवर ११ चालतं असं कागदावर लिहिलेलं असलं, तरी पानं लावायचं काम त्याच्यावर कुणी करू नये. आठ जीबी आणि एसएसडी हे मी कमीत कमी समजते.

कामात सुख वाटलं ते दोन गोष्टींचं. एक म्हणजे फाइल एक्स्प्लोररमधले टॅब. एका अहवालाचा मजकूर एका फोल्डरमध्ये, संचालकांचे फोटो दुसऱ्यात, ताळेबंदाच्या एक्सेल तिसऱ्यात, जाहिराती चौथ्यात. आधी चार खिडक्या उघडून त्यांच्यात शोधाशोध चालायची, आता एकाच खिडकीत चार टॅब. दुसरी म्हणजे खिडक्या पडद्यावर मांडायची नवी सोय. मोठं करायच्या चौकोनावर माऊस नेला की मांडणीचे नकाशे दिसतात. डावीकडे मूळ प्रूफाची पीडीएफ आणि उजवीकडे इनडिझाइनचं पान असं एका झटक्यात लागतं. मुद्रितशोधकाच्या खुणा बघून दुरुस्त्या घालताना मान इकडून तिकडे फिरवावी लागत नाही.

राईट क्लिकच्या मेन्यूची सवय करावी लागते. नेहमीच्या बऱ्याच गोष्टी आता दुसऱ्या पायरीवर गेल्या आहेत. शिफ्ट दाबून राईट क्लिक केलं की जुना पूर्ण मेन्यू थेट उघडतो, हे कळल्यावर माझी अडचण संपली. माझ्याकडच्या आवृत्तीत टास्कबार मात्र फक्त खालीच राहतो. मी दहावर तो डाव्या कडेला उभा ठेवायचे, कारण मॉनिटर रुंद असतो आणि पान उभं. उंचीचा प्रत्येक इंच आमच्या कामात मोलाचा असतो. ही सोय काढायला नको होती असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी टायपिंगमध्ये काहीही बिघडलं नाही. मराठीचा प्रमाण कीबोर्ड इनस्क्रिप्ट आहे, रोमन अक्षरांवरून लिहिणाऱ्यांसाठी मराठी फोनेटिकही आहे, आणि विंडोज व स्पेसबार दाबून भाषा बदलते. दहावरही हे होतंच, पण "अकरावर मराठी जातं" अशी एक भीती मला दोन-तीन जणांकडून ऐकू आली, ती खरी नाही.

आता जिथे खरी काळजी घ्यायची ते सांगते. विंडोज ११ नव्याने टाकलं की सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्टचं अकाऊंट मागतं. आपल्याकडे होतं काय, की ग्राहकाला ईमेलचा पासवर्ड आठवत नसतो, मग मशीन लावून देणारा माणूस वेळ वाचवायला स्वतःच्याच ईमेलने अकाऊंट उघडून देतो. आधी यात फारसं बिघडत नव्हतं. आता बिघडतं. २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये, मशीनची तयारी असेल तर, डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली अकाऊंटमध्ये जमा होते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही फेरफार झाला, की सुरू होताना मशीन ती किल्ली मागू शकतं. अकाऊंट दुसऱ्याचं असेल, तर तुमच्या आयुष्याचं काम त्याच्या ईमेलवर अवलंबून. म्हणून समोर बसून, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइल नंबरवर अकाऊंट उघडा. ती किल्ली कागदावर छापून घराच्या कपाटात, महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवा. आमच्या दुकानाची तशीच ठेवली आहे.

त्याच्याच जोडीला वनड्राइव्ह बघा. नव्या मांडणीत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर वनड्राइव्हमध्ये जाऊन बसू शकतात. फुकट जागा ५ जीबी. एका स्मरणिकेचे मूळ फोटोच त्याहून जास्त भरतात. शिवाय फोल्डरचा पत्ता बदलला की इनडिझाइनला जोडलेली चित्रं सापडत नाहीत आणि प्रत्येक पानावर लाल खुणा येतात. मी कामाची सगळी फोल्डर डी ड्राइव्हवर ठेवते आणि वनड्राइव्हचा बॅकअप बंद ठेवते. ग्राहकांचे ताळेबंद आणि सभासदांच्या याद्या त्यांना न विचारता कुठेही चढवायच्या नाहीत, हा आमचा जुना नियम आहे, आणि तो इथेही लागू.

काउंटरवरचा कॉम्प्युटर सहाव्या पिढीचा. त्याला ११ मिळत नाही. दादांनी "बायपास" करून टाकून देतो म्हणून सांगितलं. ते तांत्रिकदृष्ट्या होतं, हे मला माहीत आहे. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही, ती परत हाताने चढवावी लागते. जी गोष्ट सुरक्षेसाठी करायची, तिच्यातच हमी नसेल तर ती माझ्या उपयोगाची नाही. व्यवसायांसाठी पैसे भरून दहाची मुदत वाढवायची योजना आहे, पण ती पहिल्या वर्षी दर कॉम्प्युटरमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि तीन वर्षांनी संपते. त्या पैशात तर काउंटरसाठी वापरलेलं चांगलं मशीन येईल.

काउंटरवरचा कॉम्प्युटर काय करतो? व्हॉट्सअॅपवरून आलेला मजकूर उतरवून घेतो, मेल बघतो, पीडीएफ उघडतो, बिल छापतो. अनोळखी माणसांच्या फाइली सगळ्यात आधी त्याच्याकडे येतात. म्हणून त्याच्यावर मी लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे, मिंट २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता, आपला प्रिंटर आणि वायफाय चालतंय का ते आधी बघता येतं. आमच्याकडे काम करणारी मुलगी इनस्क्रिप्टवर टाइप करते. मिंटच्या कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट तयारच असतं, त्यामुळे तिला काही नव्याने शिकावं लागलं नाही. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ, फाइलीही हाताशी. "ताई, हे तर सोपं आहे," एवढंच ती म्हणाली आणि कामाला लागली.

मिंटमध्ये एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. ग्राहक वर्डमध्ये जो मजकूर पाठवतात तो बहुतेक मंगल नाहीतर निर्मला फाँटात असतो. ते फाँट विंडोजसोबत येतात, मिंटसोबत येत नाहीत. मिंटमधलं लिब्रे ऑफिस (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) मग दुसरा फाँट लावून मजकूर दाखवतं. अक्षर न् अक्षर बरोबर असतं, पण ओळी आणि पानं हलतात. मजकूर घ्यायला ते पुरेसं आहे. "माझं पत्र आहे तसंच छापून द्या" असं कुणी म्हणालं तर आम्ही पीडीएफ मागतो. मुक्त परवान्याचे फाँट, म्हणजे मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा नोटो देवनागरी, तिन्ही मशीनवर ठेवले की आपल्या आपल्यात हा प्रश्न उरत नाही. ज्यांचं काम टेंडर भरायचं आहे, डिजिटल स्वाक्षरीचं टोकन लावायचं आहे, त्यांनी मात्र टोकन पुरवणाऱ्याला विचारल्याशिवाय मिंटवर जाऊ नये.

घरच्या कॉम्प्युटरचं विचाराल तर वेगळं उत्तर आहे. माझ्या नणंदेकडे सातव्या पिढीचं मशीन आहे, मुलाचा अभ्यास आणि थोडं बँकेचं काम. तिला मी काहीच बदलू नको म्हटलं. घरगुती वापरासाठी विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय आहे. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मशीन २२एच२ या आवृत्तीवर हवं आणि मायक्रोसॉफ्ट अकाऊंट हवं. सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट. एका वर्षात शांतपणे ठरवता येतं. तिच्याकडचं ऑफिस २०१६ होतं, त्याचाही पाठिंबा त्याच १४ ऑक्टोबरला संपला, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलेलं नाही. तिथे लिब्रे ऑफिस घातलं.

राहिला तिसरा कॉम्प्युटर, आणि सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल.

तो चौथ्या पिढीचा आहे आणि त्याच्यावर ३२-बिट विंडोज १० आहे. त्यात पेजमेकर ७ हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आहे, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या काळातलं मराठी फाँटांचं सॉफ्टवेअर आहे, आणि त्या सॉफ्टवेअरचं यूएसबीला लागणारं लॉक आहे. लॉक काढलं तर सॉफ्टवेअर उघडत नाही. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाहीच. ६४-बिट विंडोजला सहीचा ६४-बिट ड्रायव्हर लागतो, आणि माझ्या लॉकचा ड्रायव्हर ३२-बिटच आहे. त्या सॉफ्टवेअरसोबत आलेलं एक छोटं रूपांतराचं साधन तर १६-बिट आहे, ते कुठल्याच ६४-बिट विंडोजवर चालणार नाही. म्हणजे या मशीनच्या बाबतीत प्रश्न अपग्रेडचा राहतच नाही. हे मशीन फॉरमॅट मारलं, तर आमच्या दुकानातलं वीस वर्षांचं मराठी वाचता येणार नाही.

हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. जुन्या फाँटांत मराठी अक्षरांना स्वतःचा क्रमांक नव्हता. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत : काना एका जागी, अर्धा क दुसऱ्या, रफार तिसऱ्या. कुठला तुकडा कुठल्या जागी हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं काम, अक्षरांच्या क्रमांकांचं इस्की हे १९९१ चं भारतीय मानक हे सगळं होतं, पण बाजारातल्या फाँटांनी आपापल्या वाटा धरल्या. त्यामुळे फाँट काढला की त्याच फाइलमध्ये उरतात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पेजमेकर ७ हे २००१ चं. त्याच्यानंतर मोठी आवृत्ती आलीच नाही, आणि त्याला युनिकोड मराठी कळत नाही. माझ्या त्या मशीनमध्ये परिसरातल्या पतसंस्थांचे अहवाल आहेत, बंद पडलेल्या मासिकांचे अंक आहेत, हयात नसलेल्या कवींचे संग्रह आहेत. एका लेखकाच्या मुलीने वडिलांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणून मजकूर मागितला, तो याच मशीनमधून निघाला. तिच्याकडे फक्त छापील प्रत होती.

म्हणून त्या मशीनची इंटरनेटची वायर मी काढून टाकली, वायफायचा तुकडा काढला, शेअर फोल्डर बंद केलं. त्याच्यात फाइल जाते आणि येते ती एकाच ठरलेल्या पेन ड्राइव्हने, आणि तो आधी मिंटच्या मशीनवर तपासून. नेटवर नसलेल्या मशीनला दुरुस्त्यांची निकड फारशी राहत नाही. त्याची पूर्ण डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवली आहे, कारण चौथ्या पिढीचं मशीन कधी ना कधी थकणारच. आणि आता आम्ही एकेक फाइल बाहेर काढतो आहोत.

बाहेर काढायचं म्हणजे दोन गोष्टी, आणि दोन्ही हव्यात. पहिली, पानाची पीडीएफ. तिच्यात फाँट आतच राहतो, त्यामुळे पान जसं छापलं तसं कुठल्याही मशीनवर दिसतं. पण त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केलात तर परत तीच इंग्रजी अक्षरं हाती येतात. म्हणून दुसरी गोष्ट, युनिकोडमध्ये रूपांतर केलेला मजकूर. तो एकदा झाला की इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावून वापरा, लिब्रे ऑफिसमध्ये वापरा, स्क्रायबस या पानं लावायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या १.६ आवृत्तीत वापरा, पुढे जी कुठली ऑपरेटिंग सिस्टीम येईल तिच्यात वापरा. माझ्या मते, जुनी डीटीपी मशीन असलेल्या प्रत्येकाने अपग्रेडचा विचार करायच्या आधी हे काम हाती घ्यावं. नंतर जुनं मशीन राहत नाही, लॉक हरवतं, आणि लॉक देणाऱ्या कंपनीकडे ती आवृत्ती आठवणारं कुणी उरत नाही.

रूपांतराची साधनं बरीच आहेत, फुकटची आणि विकतची. त्यांचा कस कुठे लागतो ते सांगते. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर यावी लागते. रफाराचं उलट : जुन्यात तो नंतर, युनिकोडमध्ये आधी. दोन्ही एकाच शब्दात आले की कच्चं साधन गोंधळतं. "आर्थिक" हा शब्द पतसंस्थेच्या अहवालात पानोपानी असतो, त्याच्यावरच ते पहिल्यांदा अडखळतं. मग "वऱ्हाड", "तऱ्हा" आणि आमचं "कऱ्हाड". त्यांचा "र्ह" झाला, तर छापील पानावर ते चुकीचंच, आणि नंतर शोध घेतला तर सापडत नाही ते वेगळं. मग "ॲड." आणि "बँक". वकील संचालक नसलेली पतसंस्था मी पाहिलेली नाही, आणि स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुनी साधनं तो दोन तुकड्यांत लिहितात. "प्रसिद्ध" आणि "पद्धत" यांत मूळ टाइप करणाऱ्यानेच ध आणि द उलटे घातलेले असतात, ते साधन सुधारत नाही, माणसालाच बघावं लागतं. शेवटी ताळेबंद. कंस, टक्क्याचं चिन्ह, तिरपी रेघ यांच्या जागा जुन्या फाँटांत कित्येकदा अक्षरांनी घेतलेल्या असतात. मजकुरातली चूक वाचणाऱ्याला कळते. कंसातला तोटा कंसाशिवाय छापला, तर तो नफा दिसतो.

म्हणून विकतचं साधन घेण्याआधी विक्रेत्याला आपली स्वतःची एक जुनी फाइल द्या, त्याची नमुन्याची फाइल बघू नका. त्या फाइलमध्ये हे सगळे शब्द आणि ताळेबंदाचं एक पान असू द्या. रूपांतर झालेला मजकूर आणि जुनं छापील पान शेजारी ठेवून मुद्रितशोधकाकडून वाचून घ्या, त्याचे पैसे वेगळे धरा. आम्ही सुरुवात सगळ्यात जुन्या फाइलींपासून केली नाही. ज्यांची छापील प्रतही कुणाकडे उरलेली नाही, त्या आधी घेतल्या. सध्या एका बंद पडलेल्या मासिकाचे अंक चालू आहेत, आणि पुढच्या अहवालांचा हंगाम सुरू व्हायच्या आत ते पूर्ण करायचे आहेत.